आवडत्या खुन्याचा हिशेब

२०२० सालच्या सप्टेंबरात भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या वसाहतीत रात्री साडेदहाचा एक नवाच शिरस्ता पडला होता. करोनामुळे देश बराचसा घरात बसलेला, पण वीज काही थांबवता येत नाही. त्यामुळे पाळ्या चालू होत्या, चिमण्या चालू होत्या, आणि कामावरून परतलेला माणूस हातपाय धुऊन, डबा ओट्यावर तसाच ठेवून, आधी टीव्हीसमोर बसत होता. ‘झी मराठी’वर ‘देवमाणूस’ लागायची. आमच्या शेजारच्या काकू यावल तालुक्यातल्या, घरात लेवा बोलीच. डॉक्टर अजितकुमार देव हा खुनी आहे, हे त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं. मालिकेनं ते लपवलंच नव्हतं. तरी एखादी बाई दिवेलागणीला एकटीच त्याच्या दवाखान्याची पायरी चढू लागली की काकू टीव्हीकडे बघून ओरडायच्या. ओरडायच्या त्या बाईवर: “काह्याले गेली वं तू त्याच्याकडे?”

डॉक्टरवर त्या कधी ओरडल्या नाहीत. डॉक्टर त्यांना आवडायचा. मलाही आवडायचा, हे इथेच सांगून टाकतो. त्याचं मऊ बोलणं, म्हाताऱ्यांच्या पाया पडणं, पोरांशी पोर होणं, आणि पुढच्याच क्षणी डोळ्यांतली ओल आटून जाणं, हे पाहण्यासाठीच आम्ही जागत होतो. पण काकूंचं ते वाक्य गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. खुनी माणसाला विनोदाच्या अंगानं, आपुलकीनं रंगवणारी कथा जगभर लिहिली जाते आणि आता आपल्याकडेही रुळू लागली आहे. तिचं बरंवाईट ठरवायला मला या वाक्याइतकी चांगली कसोटी दुसरी सापडलेली नाही. खुनी आवडला, इथवर ठीक. पण त्या आवडण्याची किंमत कोण मोजतं? दवाखान्याची पायरी चढलेली ती बाई प्रेक्षकाच्या लेखी कोण उरते?

‘देवमाणूस’ ३१ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत चालली. डिसेंबर २०२१मध्ये दुसरा भाग आला, २०२५मध्ये ‘मधला अध्याय’ आला. मूळ बीज साताऱ्याचं. वाईजवळच्या धोममधून ऑगस्ट २०१६मध्ये संतोष पोळ नावाचा, स्वतःला डॉक्टर म्हणवणारा माणूस पकडला गेला आणि त्याच्या फार्महाऊसच्या आवारातून पोलिसांनी पुरलेले मृतदेह बाहेर काढले. २००३ ते २०१६ या काळात पाच बायका आणि एक पुरुष मारल्याचा त्याच्यावर आरोप आहे. मालिकेनं घटना जशीच्या तशी घेतली नाही, बीज घेतलं. कातळवाडी नावाचं गाव रचलं, एका वाड्यात दवाखाना थाटला, आणि त्या वाड्यातली माणसं बोलकी केली. डिंपल, टोण्या, बज्या, नाम्या, आणि सगळ्यांवर कडी करणारी सरूआजी.

सरूआजीवर थोडं थांबायला हवं. रुक्मिणी सुतार यांनी रंगवलेली ही म्हातारी मराठी मालिकांमधल्या आज्यांच्या पंगतीत बसणारी नव्हती. त्या आज्या देवघरात वाती वळतात, सुनांना सबुरीचे चार शब्द सांगतात. ही उंबऱ्यात बसून अशा काही म्हणी फेकायची की त्या पुस्तकात छापल्या गेल्या नसत्या, पण प्रत्येक गावातल्या पारावर कुणीतरी त्या बोलतं. माणसाच्या देहाचं, भुकेचं, वासनेचं, मरणाचं बोलणं तिच्या तोंडून सहज यायचं. ग्रामीण मराठीत मरण कधीच झाकून ठेवलेलं नसतं. तिरडी बांधताना सुतळी कमी पडली म्हणून होणारी भांडणं, दहाव्याला कावळा शिवेना म्हणून काढलेले तर्क, यांत हसू आणि रडू एकाच ओळीत येतं. मालिकेच्या लेखकांना हे कळलं होतं. काळ्या विनोदाची भाषा परदेशातून आणायची गरज नाही, ती उंबऱ्यातच बसलेली आहे, हे सरूआजीनं दाखवून दिलं. तिच्या वाट्याला आलेली लोकप्रियता पूर्णपणे कमावलेली होती.

किरण गायकवाड यांचं कामही असंच कमावलेलं. त्याआधी ‘लागिरं झालं जी’मध्ये त्यांनी भैय्यासाहेब हा उघड खलनायक केला होता. मिशा, दरारा, आवाज, सगळं वर. इथे त्यांनी सगळं खाली आणलं. खांदे किंचित झुकलेले, मान एका बाजूला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ताई’ किंवा ‘आजी’. खेडेगावात रात्री-अपरात्री दार ठोठावल्यावर उठणारा माणूस मिळणं ही केवढी मोठी गोष्ट असते, हे ज्यानं रात्री तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन तालुक्याला जायचं वाहन शोधलं आहे त्यालाच कळेल. आमच्याकडेही हीच गत. भुसावळ, यावल, रावेर, कुठेही खेड्यात जा, ‘सुई टोचली’ म्हणजे उपचार झाला अशी समजूत आहे, आणि सुई टोचणाऱ्याची पदवी कुणी विचारत नाही. अजितकुमारचं आवडणं या गरजेतून आलं होतं. म्हणूनच ते खरं वाटलं. मालिकेचं हे यश मी मोठं मानतो.

मग बिघडलं कुठे? हसू आणि खून यांच्या खोल्या वेगळ्या केल्या तिथे. वाड्यात हसायचं, दवाखान्यात घाबरायचं. टोण्याची गंमत, आजीची म्हण, बज्याची फजिती हे सगळं एका बाजूला; आणि अंधारात फावड्याचा आवाज दुसऱ्या बाजूला. दोन प्रसंगांच्या मधे जाहिराती. हसून झाल्यावर ताजंतवानं होऊन आपण खुनाकडे वळायचो आणि खून पाहून झाल्यावर पुन्हा हसायला मोकळे व्हायचो. काळ्या विनोदात असं होता कामा नये. तिथे हसू ओठावर असतानाच घशात काहीतरी अडकलं पाहिजे. इथे घसा दर वेळी मोकळा होत गेला. भागांमागून भाग वाढत गेले तशी मारली जाणारी बाई आणखी पुसट होत गेली. दागिने, एकटेपणा, डॉक्टरवरचा विश्वास, एवढ्या तीन गोष्टींवर तिची ओळख उरकली जायची. तिचं घर, तिचं हसणं, तिचा राग आम्हाला कधी नीट दिसलाच नाही, मग काकूंनी तिच्यावर ओरडू नये तर काय करावं? आपण ज्याला ओळखतो त्याची बाजू घेतो. मालिकेनं आमची ओळख करून दिली ती एकट्या डॉक्टरशी.

मूळ प्रकरणात एक धागा होता, तो हाती धरला असता तर हीच कथा कुठल्या कुठे गेली असती. वाईचा हा माणूस गावात डॉक्टर म्हणून जितका माहीत होता तितकाच तक्रारदार म्हणूनही. अधिकाऱ्यांविरुद्ध, पोलिसांविरुद्ध अर्ज करणारा, भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारा कार्यकर्ता अशी त्याची प्रतिमा होती. जो माणूस सरकारी कचेरीत अर्ज घेऊन आला की साहेब खुर्चीत सावरून बसतात, त्याच्यावर संशय घ्यायचा कुणी? या एका परिस्थितीत भीती आणि हसू दोन्ही एकत्र पिकलेली आहेत. मालिकेचा सगळा भर डॉक्टरच्या एप्रनवर राहिला आणि अर्जाचा कागद बाजूलाच पडला. एप्रन आपण पूर्वी पाहिला होता. अर्ज करणारा खुनी मराठीत कुणी पाहिला नव्हता.

मराठीला आवडता गुन्हेगार नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या काळ्यापहाडावर आणि झुंजारवर आमच्या आधीच्या दोन पिढ्या वाढल्या. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद हा तर माझ्या वयाच्या पोरांचा मोठा भाऊच होता. भुसावळ जंक्शनवर गाडीला उशीर झाला की व्हीलरच्या स्टॉलवर मराठी रहस्यकथा आणि सुरेंद्र मोहन पाठक यांच्या हिंदी कादंबऱ्या शेजारी शेजारी लावलेल्या दिसायच्या. पाठकांचा विमल दरोडे घालायचा आणि वाचक त्याच्या सुटकेसाठी देव पाण्यात ठेवायचे. पण हे सगळे कायदा मोडणारे असले तरी त्यांच्या मनात एक न्यायनिवाडा असायचा. दुष्टांना शासन, दुबळ्यांना आधार. त्यांच्यावर प्रेम करताना वाचकाला स्वतःची लाज वाटायचं कारण नव्हतं. ज्याच्यावर प्रेम करताना लाज वाटावी असा माणूस ही वेगळीच गोष्ट आहे.

तसा एक माणूस या मुलखाच्या वाटांवरून खरोखर गेलेला आहे. फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९मध्ये एका ठगाचं आत्मकथन कादंबरीरूपात छापलं. त्यातला अमीर अली बऱ्हाणपूर, अमरावती, नागपूर या वाटांवर प्रवाशांशी मैत्री करतो, त्यांच्याबरोबर जेवतो, गप्पा मारतो आणि रुमालानं गळा आवळतो. तो बोलका आहे, रसिक आहे, मुलीबाळींवर माया करणारा आहे. वाचक त्याच्या बोलण्यात गुंतत जातो. ७१९ माणसं मारली, असा आकडा तो सांगतो. आकडा त्याला तोंडपाठ आहे, नावं मात्र हातावर मोजण्याइतकीच आठवतात. बऱ्हाणपूर इथून दोन तासांच्या आत आहे. खुन्याच्या तोंडून सांगितलेली, त्याच्यावर लोभ जडावा अशी ही कथा आपल्याच वाटांवर घडलेली असून आपल्या भाषेत तिचं काहीच पुढे झालं नाही, याचं मला वाईट वाटतं.

मराठी माणसानं निःसंकोच प्रेम केलेला खुनी एकच: तात्या विंचू. महेश कोठारे यांच्या १९९३च्या ‘झपाटलेला’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला हा गुंड मरताना मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या लक्ष्याकडे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८च्या अमेरिकी चित्रपटाची, पण हातात आली ती रामदास पाध्यांच्या. घरात बाहुल्यांची परंपरा असलेल्या माणसानं तो बाहुला हलवला, म्हणून तो अमेरिकी राहिला नाही. चिमणरावाचं बावळट हसू आपल्याला देणाऱ्या नटाच्या गळ्यातून ती धमकी निघते, यात सगळी जादू आहे. तात्या विंचूत हसू आणि खून एकाच देहात, एकाच वाक्यात नांदतात. ‘देवमाणूस’ला जे जमलं नाही ते तीस वर्षांपूर्वीच्या एका व्यावसायिक चित्रपटाला जमलं होतं. फक्त तिथे मंत्र होता, बाहुला होता, आणि मेलेल्यांचा हिशेब कुणी मागणार नाही अशी सोय होती. पोरं त्याला पाहून किंचाळायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याची नक्कल करायची.

खऱ्या खुनांकडे वळलो की आपले दिग्दर्शक एकदम गंभीर होतात. मानवतच्या १९७०च्या दशकातल्या हत्याकांडावर अमोल पालेकरांनी १९८१मध्ये ‘आक्रीत’ केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्याच प्रकरणाचा तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवरून २०२४मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर १९८६मध्ये राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ आला आणि पुढे विवेक वाघ यांचा ‘जक्कल’ हा माहितीपट, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही कामं अभ्यासानं, जबाबदारीनं केलेली आहेत आणि त्यांचं गांभीर्य मला मान्य आहे. राजेंद्र जक्कल आणि त्याचे साथीदार अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी पोरं होती, १९७६-७७च्या चौदा-पंधरा महिन्यांत त्यांनी दहा जणांचा जीव घेतला आणि १९८३मध्ये येरवड्यात चौघे फासावर गेले. त्या मेलेल्यांची घरं अजून पुण्यात आहेत. तिथे हसायला कुणी धजावलं नाही, ते योग्यच झालं.

रंगभूमीवर व्यावसायिक रहस्यनाट्य सध्या बऱ्यापैकी चालतं. हिचकॉकमुळे सर्वांना ठाऊक झालेल्या ‘डायल एम फॉर मर्डर’वरून नीरज शिरवईकर यांनी लिहिलेलं आणि विजय केंकरे यांनी बसवलेलं ‘अ परफेक्ट मर्डर’ हे त्यातलं नीटनेटकं उदाहरण. पण त्याचा सगळा रस किल्लीत, दारात, वेळेच्या गणितात असतो. मी पाहतो, दाद देतो, आणि घरी येईपर्यंत विसरतो.

याच रंगभूमीवर १९७४मध्ये सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ झालं आहे. भाऊराव मेलेले आहेत आणि स्वतःच्याच मरणाचं कीर्तन स्वतःच करताहेत. जुनं स्मशान बंद झालंय, त्यांना मात्र तिथेच जळायचं आहे, आणि मुलगा नाना प्रेत सांभाळत बसला आहे. चाळीतली माणसं येतात, बायको शेजाऱ्याच्या स्पर्शाच्या आठवणीत गुंतते, आणि चिपळ्या, झांजा वाजत राहतात. हे नाटक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी हसत होतो आणि मला समोरचं दिसत नव्हतं. दहावं, तेरावं, भटजींची घाई, सांत्वनाला येऊन चहात साखर मागणारे लोक, हे सगळं मी नुकतंच पाहिलेलं होतं. आळेकरांनी त्यातल्या एकालाही खोटं पाडलं नाही. कीर्तन हा प्रकार तर आपल्या हाडीमांसी खिळलेला. त्याच्या पूर्वरंग-उत्तररंगात त्यांनी प्रेत उभं केलं. म्हणून मी ठामपणे म्हणतो की मराठीला काळा विनोद परका नाही, जगात कुठेही मांडावा असा तो आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी झालेला आहे. मेलेला माणूस आपल्या नाटकात बोलू शकतो. मारणारा आणि मेलेला एकाच रंगमंचावर, एकाच विनोदात बोलताहेत असं नाटक मात्र अजून व्हायचं आहे.

खान्देशापुरतं बोलायचं तर मला त्याहूनही जवळचा पुरावा आहे. भालचंद्र नेमाडे सांगवीचे, इथून हाकेच्या अंतरावरचे. १९६३च्या ‘कोसला’त ज्या आवाजात पांडुरंग सांगवीकर पुण्यातल्या वसतिगृहाच्या खानावळीची, सेक्रेटरीपणाची फजिती सांगतो, त्याच आवाजात तो मनीचं, धाकट्या बहिणीचं, मरण सांगतो. आवाज बदलत नाही. तेच तुटक बोलणं, तेच विषय सोडून भलतीकडे जाणं. पन्नास पानं ज्या बोलण्यावर आपण हसलो, तेच बोलणं आता आपल्याला बसू देत नाही. आमच्याकडची माणसं अशीच बोलतात. भरताच्या पार्टीत शेताच्या बांधावर काड्यांच्या जाळावर वांगी भाजत असताना कुणी गेल्या महिन्यात विहिरीत पडलेल्या माणसाची गोष्ट सांगतो, आणि गोष्ट सांगता सांगता “ते वांगं फिरव भो, करपी राह्यलं” म्हणतो. त्याला ना मेलेल्याविषयी कमी वाटतं, ना वांग्याविषयी.

इतकं सगळं घरात असताना अलीकडचा सगळ्यात सकस प्रयत्न हिंदीत व्हावा, आणि तोही पुण्यात घडलेला असावा, हे मराठी लेखकांनी मनाला लावून घ्यायला हवं. श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मध्ये, २०१८ साली, तब्बूची सिमी एकामागून एक माणसं दूर करत जाते आणि आपण तिच्यावर डोळे लावून बसतो. तिच्या भोवती छाया कदम, अश्विनी काळसेकर यांच्यासारख्या मराठी नटी. लॉटरी विकणारी मावशी, रिक्षावाला, देहाचे अवयव विकणारा डॉक्टर. शेजारची म्हातारी पोलिसांना काही सांगू पाहते आणि सिमी तिला इमारतीवरून ढकलते. त्याआधी त्या म्हातारीची बडबड, तिचा संशय, तिची एकाकी धडपड आपण पाहिलेली असते. ढकललं जातं तेव्हा हसू आलेलं असतं आणि लगेच पोटात खड्डाही पडतो. हीच ती जागा, जी ‘देवमाणूस’च्या शेकडो भागांत क्वचितच सापडली.

चार्ली चॅप्लिन यांचा ‘मस्य व्हर्दू’ मी या संदर्भात पुन्हा पुन्हा पाहतो. १९४७चा चित्रपट. बँकेतून काढून टाकलेला कारकून, घरी अपंग बायको आणि लहान मुलगा, आणि पोटासाठी विधवांशी लग्नं करून त्यांना संपवणं. पॅरिसच्या लांद्रू या खऱ्या खुन्यावरून सुचलेली गोष्ट. आपली त्याच्याशी पहिली भेट होते ती बागेत. तो गुलाब कापतो आहे, वाटेवरचा सुरवंट पायाखाली येऊ नये म्हणून हलकेच उचलून बाजूला ठेवतो, आणि मागे भट्टीचं धुराडं सतत धूर ओकतं आहे. शेजारणी म्हणतात, तीन दिवस झाले, धुरामुळे कपडे वाळत घालता येत नाहीत. तीन दिवस काय जळतंय ते कुणी बोलत नाही. चिमणीच्या सावलीत आयुष्य गेलेल्या मला त्या धुराकडे पाहताना जे वाटलं ते लिहून सांगता येत नाही. पण चॅप्लिन यांचं मोठेपण त्याच्याही आधीच्या प्रसंगात आहे. बागेत जाण्यापूर्वी ते आपल्याला नेतात मेलेल्या बाईच्या माहेरी. भांडकुदळ, क्षुद्र, एकमेकांवर खेकसणारी ती माणसं बहिणीचं पत्र आलं नाही म्हणून धास्तावलेली आहेत. खुनी आवडायच्या आधीच मेलेल्या बाईला नाव मिळालं, भाऊबहिणी मिळाल्या. मग व्हर्दूनं आपल्याला कितीही हसवलं तरी ती माणसं दार ठोठावत राहतात. नोटा मोजणारी त्याची कारकुनी बोटं किती सफाईनं चालतात! ती बोटं पाहून आपण हसतो, आणि नोटा कुणाच्या आहेत हे आपल्याला ठाऊक असतं.

२०२५मध्ये ‘देवमाणूस’ याच नावाचा मराठी चित्रपटही आला. महेश मांजरेकर आणि रेणुका शहाणे, दिग्दर्शन तेजस देऊस्कर यांचं, मूळ २०२२चा हिंदी ‘वध’. सावकाराच्या जाचानं पिचलेला सज्जन म्हातारा खून करतो. आपण त्याच्या बाजूनं असतो आणि चित्रपटही असतो. ‘दृश्यम’मधल्या विजय साळगावकरचं कुटुंब वाचावं असंच आपल्याला वाटत होतं, त्यातलाच हा प्रकार. पण इथे मरणारा इतका वाईट आहे की प्रेक्षकाला काही द्यावं लागत नाही. सगळं फुकट मिळतं. मला हा सोपा मार्ग वाटतो.

मालेगावची माणसं घरच्या कॅमेऱ्यावर ‘शोले’ करतात, छोटू दादाचे विनोदी व्हिडिओ धुळे-जळगावातच नाही तर देशभर लाखोंनी पाहिले जातात, अहिराणीतल्या छोट्या फिल्मा प्रत्येक मोबाइलवर फिरतात. चेहऱ्यावरची रेषा न हलवता हसवायची कला या मुलखात ओसंडून वाहते आहे. तिला अंधाराकडे वळवायचं धाडस अजून फारसं कुणी केलेलं नाही. कुणी करील का, असा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यापर्यंत पडायचा.

गेल्या हिवाळ्यात वसाहतीतल्या काही तरुणांनी एक एकांकिका लिहिली आणि वाचनाला मला बोलावलं. कुणी शिकाऊ तंत्रज्ञ, कुणी कंत्राटी कामगार, दोघी जणी जळगावच्या कॉलेजात शिकणाऱ्या. खुर्च्या गोल मांडलेल्या, हातात झेरॉक्स. नाटकात अशाच एका वसाहतीत भिशी चालवणारी एक बाई आहे. बारा जणींची भिशी, महिन्याला १,००० रुपये, चिठ्ठी निघेल तिला १२,०००. बाई सगळ्यांच्या उपयोगाची. रात्रपाळीच्या एकट्या पोरांना डबा देते, बाळंतिणीला डिंकाचे लाडू नेऊन देते, गॅस संपला तर स्वतःचं सिलिंडर सरकवते. आणि जिची चिठ्ठी अजून निघालेली नाही, जिच्या घरी भिशीचं कुणाला ठाऊक नाही, अशी एखादी बाई मधेच जाते. भरलेले हप्ते वहीत राहतात, वही तिच्याकडे राहते. पोरं वाचत होती आणि आम्ही खुर्च्यांवरून पडायचे बाकी होतो, इतकं ते हसवणारं होतं. एका प्रसंगात ती मेलेलीच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन जाते आणि नवऱ्याला बळेच जेवू घालते. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तो म्हणतो, तुमच्यासारखं माणूस नाही ताई. आम्हाला ती बाई मनापासून आवडली होती.

मग आठव्या महिन्याची भिशी. बाकीच्या जणी जमल्या आहेत, चहा झाला आहे, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या खुळखुळवल्या आहेत. एका लहान मुलीला पुढे करून चिठ्ठी काढायला सांगतात. ती घडी उलगडते आणि नाव वाचते. दोन महिन्यांपूर्वी गेलेल्या बाईचं नाव. तिची चिठ्ठी डब्यातून काढून टाकायची राहून गेली होती.

वाचणारी मुलगी इथे थांबली. संहितेत पुढची ओळ भिशी चालवणारीची नव्हती. ती होती कोपऱ्यात बसलेल्या, सगळ्या नाटकात एकही वाक्य नसलेल्या बाईची. ज्या पोरीकडे ती भूमिका होती तिनं कागदाकडे न पाहता, अगदी साध्या आवाजात म्हटलं, “पुन्हा काढ.”

खोलीत कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हळूच विचारलं, त्या बाईचे सहा हप्ते कुणाकडे गेले?